गाडी गरम झाली की सेल्फ फक्त ‘टक’ करतो, बॅटरी नवीन टाकूनही तेच

सावदेकर

राम राम मंडळी. गाडीबद्दल विचारायचं आहे. लिहिणं लांबणार, कारण थोडक्यात सांगितलं की प्रत्येक जण ‘बॅटरी बदल’ म्हणून मोकळा होतो, आणि बॅटरी बदलून झाली आहे.

गाडी 2014 ची, पेट्रोल, 1.2 लिटर, साधा पाच गिअरवाला गिअरबॉक्स. सीएनजी नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की पुढची सगळी चर्चा ‘ही गाडी घेतलीच कशाला’ यावर जाते.

सकाळी घरून निघताना चावी फिरवली की लगेच सुरू. सावद्याहून भुसावळमार्गे जळगाव, रस्ताभर एसी. दाणा बाजारात गाडी लावतो, दुकानात दहा-पंधरा मिनिटं जातात, परत येऊन चावी मारतो तर फक्त ‘टक’. एकदाच. तड-तड-तड असा आवाज नाही. डॅशबोर्डचे दिवे नीट लागलेले, हॉर्न खणखणीत. पुन्हा चावी, पुन्हा टक. कधी कधी इंजिन अर्धा गिरका घेतं आणि तिथेच थबकतं. बॉनेट उघडून अर्धा तास सावलीत उभी ठेवली की जणू काही झालंच नाही अशी सुरू होते. किंवा धक्का. दोघांनी ढकललं की दुसऱ्या गिअरात लगेच पेटते. दाणा बाजारातले हमाल आता गाडी लावतानाच विचारतात, ‘शेठ, थांबू का?’

आधीची बॅटरी दोन वर्षंसुद्धा टिकली नाही. फेब्रुवारीत नवीन टाकली, मार्च चांगला गेला. एप्रिल तापायला लागला तसं पुन्हा सुरू झालं, आणि आता नवतपा तर विचारू नका.

बॅटरीवाला म्हणतो, आपल्याकडच्या उन्हात हे असंच चालायचं. भुसावळचा मेकॅनिक म्हणतो सेल्फ (इंजिन फिरवणारी मोटर) गेला, नवीन टाका. आमच्या गावचा वायरमन म्हणतो चावीचा स्विच. वडील म्हणतात, ‘उन्हाळ्यात कायले नेतो मंग तिले?’

शेतातल्या मोटारीसाठी घेतलेला मल्टीमीटर घरात आहे, साधा डिजिटल. सकाळी गाडी सुरू करायच्या आधी बॅटरी 12.4 दाखवते. याच्यापुढे काय मोजायचं ते मला कळत नाही. पुढच्या आठवड्यात शिरपूरला लग्नाला जायचंय, आम्ही मुलीकडचे. वऱ्हाड्यांना धक्का मारायला लावायची इच्छा नाही. सेल्फ बदलायला माझी ना नाही, पण तो बदलूनही हेच राहिलं तर?

भुसावळ जंक्शन

भाऊ, बॅटरी गॅरंटीत असेल तर बदलून मागा. नव्या बॅटऱ्याही खराब निघतात. आपल्याकडे सावलीतच 45 होतं, बॉनेटखाली काय होत असेल. लेड ॲसिडची बॅटरी थंडीत दगा देते असं लोक म्हणतात, पण तिला खरं मारतं ते ऊन. पाणी उडतं, आतल्या प्लेटा खाल्ल्या जातात. थंडीत फक्त उघडकीला येतं. टोप्या उघडता येत असतील तर डिस्टिल वॉटर बघून घ्या. आणि 12.4 म्हणजे पूर्ण चार्ज नाही, 12.6-12.7 हवं.

जुना डेपोवाला, धुळे

बठ्ठा बॅटरीलेच दोष देतस! भुसावळवाल्या भाऊंचं उन्हाबद्दलचं बरोबर आहे आणि 12.4 बद्दलचंही, ते मनात ठेवा, पुढे लागेल. पण सावदेकर, तुम्ही जे लिहिलंय त्यातच निम्मं उत्तर पडलेलं आहे. मी एसटी डेपोत इलेक्ट्रिशियन होतो. आमच्या गाड्या 24 व्होल्टच्या, दोन बॅटऱ्या लायनीत. तुमची 12 ची. पण करंट दोन्हीकडे एकाच नियमाने वाहतो.

आधी काय नाही ते बाजूला काढू.

धक्क्याने लगेच पेटते म्हणता. म्हणजे पेट्रोलचा पंप, इंजेक्टर, प्लग, कॉइल, सेन्सर, इमोबिलायझर, सगळे सुटले. यातलं एकही नडलं असतं तर सावद्यापर्यंत ढकलत नेली असती तरी पेटली नसती. आता ‘टक’. तो आवाज सोलेनॉइडचा, म्हणजे सेल्फवरच्या चुंबकी स्विचचा, दांडा आत ओढला गेल्याचा. तो ओढायला चावी, रिले आणि बारीक वायर यांनी काम केलेलं असतं. म्हणून चावीच्या स्विचवर माझा संशय कमी. स्विच गेला असता तर बहुतेक वेळा टकसुद्धा झालं नसतं.

तुम्ही आवाज एकदाच होतो हे लिहिलंत ते फार बरं केलंत. तड-तड-तड होतं तेव्हा काय घडतं? दांडा आत जातो, मोटर करंट ओढते, बॅटरी बसते, व्होल्ट पडले म्हणून दांडा सुटतो, लोड गेला म्हणून व्होल्ट वर येतात, दांडा पुन्हा आत. सेकंदात कितीतरी वेळा. ते बॅटरी उतरल्याचं किंवा टर्मिनल ढिलं असल्याचं लक्षण. तुमचा दांडा आत जातो आणि आतच राहतो. त्याला धरून ठेवण्याइतके व्होल्ट आहेत, मोटर फिरवण्याइतके नाहीत.

उरलं काय तर बॅटरी, बॅटरीपासून सेल्फपर्यंतची आणि सेल्फपासून परत बॅटरीपर्यंतची जाड वायर, सोलेनॉइडच्या आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट, आणि सेल्फ स्वतः, म्हणजे कार्बन, बुश, आर्मेचर. यातलं कोणतं, ते नुसतं ऐकून कोणी सांगत असेल तर तो अंदाज आहे, आणि त्या अंदाजाचे पैसे तुम्ही भरणार.

मीटर डीसी 20 च्या रेंजवर ठेवा. माणसं दोन लागतात, एक चावीवर, एक मीटरवर. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून ठेवा म्हणजे इंजिन नुसतं फिरेल, पेटणार नाही. गरम इंजिनाजवळ रेडिएटरचा पंखा चावी चालू असताना आपोआप सुरू होतो, तिकडे हात, उपरणं, मीटरची वायर काही जाऊ देऊ नका.

पहिला आकडा बॅटरीचा. प्रोब शिशाच्या खुंटीवरच टेकवायचे, क्लॅम्पवर नाही. सेल्फ मारताना 9.6 च्या खाली गेला तर बॅटरीकडे बघू. दुसरा आकडा, आणि हाच कोणी घेत नाही: एक प्रोब बॅटरीच्या मायनस खुंटीवर, दुसरा इंजिनच्या उघड्या धातूवर. रंग किंवा तेल नसलेली जागा शोधा. सेल्फ मारताना 0.2 आला तर उत्तम, 0.5 च्या वर गेला तर तिथे काहीतरी अडतंय. तिसरा, बॅटरीची प्लस खुंटी ते सेल्फवरचा जाड बोल्ट. तिथेही 0.5 च्या आत. हात पोचत असेल तर चौथा, सेल्फच्या त्या जाड बोल्टपासून सोलेनॉइडच्या मोटरकडच्या बोल्टपर्यंत. टक होत असताना तिथे जवळपास बॅटरीइतके व्होल्ट दिसले तर आतले कॉन्टॅक्ट जळलेत.

हे सगळं सेल्फ मारत असतानाच. चावी सोडली की सडक्या वायरवरही शून्य दिसेल, कारण करंटच वाहत नाही. आणि कृपा करून वायर ओहमवर मोजू नका. जाड केबलची एकच तार शाबूत असली तरी मीटर शून्याच्या जवळ दाखवतो आणि वायरमन ‘वायर ओके’ म्हणतो. सेल्फला फिरताना शंभर-दीडशे अँपिअर लागतात, ते त्या एका तारेतून जायचे का?

घरी थंड असताना एकदा मोजा, आणि रस्त्यात अडली की तिथेच मोजा. गॅरेजमध्ये नेईपर्यंत ती थंड होते आणि मेकॅनिकसमोर शहाण्यासारखी सुरू होते. मग तो तरी काय करणार.

चोपडा रोड

माझ्याकडेही अगदी हेच होतं. गरम झाली की बंद, अर्ध्या तासाने चालू. शेवटी क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ओळखणारा) निघाला. सेन्सरवर ओला फडका टाकला की पेटायची. सेन्सर बदला, मोकळे व्हा.

आणखी एक, सीएनजीवाल्या भावांसाठी. माझ्या मेव्हण्याच्या गाडीत पेट्रोलचा काटा कायम तळाला. सकाळी सुरूच पेट्रोलवर होते ना, मग पंप कोरडा ओढतो. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो म्हणून थंड राहतो. टाकी रिकामी ठेवून पंप जाळला त्याने, आणि चार महिने सीएनजी किटला शिव्या देत होता.

जुना डेपोवाला, धुळे

चोपडावाले भाऊ, सेन्सर गेला तेव्हा तुमचं इंजिन फिरत होतं ना? सेल्फ ‘घर्र घर्र’ करून पूर्ण फिरवत होता, फक्त पेटत नव्हतं? आणि सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जागचा हलत नसेल. ती तक्रार वेगळी. यांचं इंजिन फिरतच नाही. ‘गाडी चालू होत नाही’ या चार शब्दांखाली दोन वेगळे आजार असतात, आणि फोनवर मेकॅनिकने सर्वात आधी विचारायचं ते हेच की सेल्फ फिरतोय का.

सीएनजीचं मात्र लाखमोलाचं सांगितलंत. माझ्या ओळखीतले निम्मे लोक काटा तळाला ठेवूनच फिरतात.

सावदेकर

डेपोवाले काका, मोजलं. पुतण्याला चावीवर बसवलं होतं, तो प्रत्येक वेळी ‘मारू का?’ विचारत होता आणि मी ‘मार’ म्हणेपर्यंत मारून मोकळा होत होता. पण आकडे मिळाले.

घरी, सकाळी, थंड. सेल्फ मारताना बॅटरी 10.6. मायनस ते इंजिन 1.2. प्लस ते सेल्फचा बोल्ट 0.3. गाडी नीट फिरत होती.

मग मुद्दाम दुपारी काढली. भुसावळला बसस्टँडजवळ चहाला थांबलो आणि अडली. पहिल्यांदा गाडी अडल्याचा आनंद झाला. तिथले आकडे: बॅटरी 11.3, मायनस ते इंजिन 4.7, प्लसकडे 0.2. सोलेनॉइडच्या दुसऱ्या बोल्टपर्यंत हात गेला नाही, खूप तापलं होतं.

मला कळलं नाही ते हे की गरम असताना बॅटरीचा आकडा उलट वाढला कसा? थंड असताना 10.6 आणि बंद पडल्यावर 11.3? बॅटरी बिघडली असेल तर खाली जायला पाहिजे ना. बॅटरीवाल्याला फोन केला तर म्हणाला, मीटर खराब असेल.

जुना डेपोवाला, धुळे

मीटर ठीक आहे. बॅटरीवाल्याला तो आकडा समजला नाही एवढंच. भाऊ, या एका आकड्याने तुमची बॅटरी निर्दोष सुटली.

बॅटरीचे व्होल्ट पडतात ते तिच्यातून करंट ओढला जातो म्हणून. जितका जास्त करंट, तितके व्होल्ट खाली. थंड असताना सेल्फ जोरात ओढत होता म्हणून 10.6. गरम असताना 11.3 वर राहिली, म्हणजे कमी करंट गेला. बॅटरी द्यायला तयार आहे, वाटेत कोणीतरी अडवतंय. बॅटरी खरोखर दमलेली असती तर 8, 7 असं काहीतरी दिसलं असतं आणि हॉर्नही घोगरा झाला असता.

आता वजाबाकी करा. थंड असताना 10.6 मधून 1.2 आणि 0.3 गेले, सेल्फला मिळाले 9.1. त्यात तो फिरतो. गरम असताना 11.3 मधून 4.7 आणि 0.2 गेले, सेल्फच्या वाट्याला आले 6.4. तेवढ्यात दांडा धरून ठेवता येतो, इंजिन फिरवता येत नाही. म्हणून एकच टक. 4.7 व्होल्ट अर्थिंगमध्ये, म्हणजे इंजिनपासून बॅटरीच्या मायनसला परतणाऱ्या वाटेत, जळतायत.

सेल्फ गरम झाला म्हणून फिरत नाही असं मेकॅनिक म्हणाला असेल. त्यात थोडं तथ्य आहे. तांब्याचा रेझिस्टन्स दर डिग्रीला 0.4 टक्क्याच्या आसपास वाढतो. वायंडिंग 60 डिग्रीने तापलं तर पाव पट वाढेल. सेल्फ जरा मंद पडेल. पण तुमचा अर्थिंगचा आकडा चौपट झालाय, आणि तोही कमी करंट वाहत असताना. नुसत्या तांब्याच्या गरमीने एवढं होत नाही. जिथे सांधा ढिला, गंजलेला किंवा तारा तुटलेल्या असतात तिथे गरमीने असा खेळ होतो: धातू फुगतो, पकड सुटते, थंड झाला की पुन्हा टेकतो.

खात्री करायची असेल तर मीटरचीही गरज नाही. जम्पर केबल असेल तर तिची एकच काळी वायर घ्या. गाडी अडलेली असताना एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या जाड लोखंडी हुकाला घट्ट चावून लावा, आणि सेल्फ मारा. फिरली तर दुसरा पुरावा नको. प्लसकडे ती वायर चुकूनही जाऊ देऊ नका.

मग वाट तुकड्यांत मोजा. बहुतेक छोट्या गाड्यांत बॅटरीच्या मायनसवरून वायर बॉडीला जाते आणि बॉडीवरून दुसरी एक पट्टी किंवा केबल इंजिनला, नाहीतर गिअरबॉक्सला. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे त्या पट्टीशिवाय त्याला अर्थ मिळतच नाही. खुंटी ते क्लॅम्प किती, क्लॅम्प ते बॉडी किती, बॉडी ते इंजिन किती. 4.7 यांतल्या एकाच कोणाच्या तरी पोटात सापडतील.

आणि एक विचारतो. इंजिन चालू, एसी चालू, हेडलाइट चालू असताना बॅटरीवर किती व्होल्ट येतात? 12.4 चं कोडं तिथे सुटेल असं वाटतंय.

भुसावळ जंक्शन

काका, हे वाचून मी माझ्या गाडीचं बघितलं. 0.15. पण आता सांगा, क्लचची केबल गरम होते ती याच्यामुळेच का? मित्राच्या जुन्या जीपला सेल्फ मारला की केबलमधून धूर यायचा, आम्ही हसायचो.

जुना डेपोवाला, धुळे

हो. इंजिनला अर्थ मिळाला नाही की करंट जी वाट सापडेल तिने परततो. क्लचची केबल, ॲक्सिलरेटरची केबल, गिअरची लिंक, काहीही. ती बारीक स्प्रिंगची केबल सेल्फचा करंट सोसू शकत नाही, तापते आणि पुढे जाम होते. जुन्या गाडीत ॲक्सिलरेटर केबल वारंवार जाम होत असेल तर केबल बदलत बसण्याआधी अर्थिंग बघावं. मित्राला सांगा.

सावदेकर

काका, सापडलं.

आधी जम्परचं. दाणा बाजारातच केलं. गाडी अडली, हमाल धक्का मारायला आले, मी म्हटलं थांबा. काळी वायर मायनसवरून इंजिनच्या हुकाला लावली, चावी मारली आणि गाडी घर्र करून फिरली. फ्यूज काढायचा राहिला होता, त्यामुळे सुरूसुद्धा झाली. त्यातला एक जण म्हणाला, ‘एवढ्यासाठी आम्हाले रोज ढकलायले लावत होते का शेठ?’

मग तुकड्यांत मोजलं. खुंटी ते क्लॅम्प 0.05. क्लॅम्प ते बॉडी 0.1. बॉडी ते इंजिन 4.5.

बॉडी ते इंजिन म्हणजे चेसिसच्या पट्टीवरून गिअरबॉक्सच्या घरावर आलेली काळ्या आवरणाची केबल, जेमतेम वीतभर. वरून नवीन दिसत होती. मी तीच आधी बघितली असती तरी ‘ठीक आहे’ म्हटलं असतं. गिअरबॉक्सकडचा बोल्ट 12 च्या पान्याने खोलला. लगच्या (केबलच्या टोकाला असलेल्या धातूच्या कडीच्या) खाली हिरवट पांढरी भुकटी, आणि गिअरबॉक्सच्या ॲल्युमिनियमवर तेलाचा आणि मातीचा थर चिकटलेला. लगपासून दोन बोटं वर केबल वाकवली तर आत मऊ लागली. ब्लेडने आवरण कापलं. तारा काळ्या पडलेल्या, बोटाने चोळल्या की तुकडे हातात येत होते. मधल्या थोड्या तारा लालसर, जिवंत. सगळा करंट त्या थोड्यांवरून जात होता.

गेल्या वर्षी क्लच प्लेट बदलताना गिअरबॉक्स खाली उतरवला होता. तेव्हा बोल्ट न घासता परत लावला गेला असणार, आणि केबल पिळून बसवली होती हे आता दिसतंय. ते गॅरेज कुठलं ते लिहीत नाही, त्यात काही मिळायचं नाही.

जळगावात केबल मिळाली नाही, त्या गाडीची म्हणून. मग अजिंठा चौफुलीकडच्या एका वायरिंगवाल्याने वेल्डिंगची तांब्याची लवचिक केबल कापून दिली, दोन्ही टोकांना तांब्याचे लग दाबून. 25 स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर). तीनशेच्या आत काम झालं. सेल्फचा भाव मला साडेपाच हजार सांगितला होता.

बसवताना गिअरबॉक्सची जागा पॉलिश पेपरने चकचकीत केली, बॉडीकडचा रंगही खरवडला. आता आकडे: मायनस ते इंजिन 0.15. पण सेल्फ मारताना बॅटरी 10.2 दाखवते. आधी 10.6 होती. हे कमी कसं झालं? काही चुकलं का?

एसी आणि दिवे लावून बॅटरीवर केबल बदलायच्या आधी 13.2 होते, गाडी तापल्यावर त्याहून कमी. आता 14.1.

जुना डेपोवाला, धुळे

काही चुकलं नाही. आता वाट मोकळी झाली, सेल्फ त्याला हवा तेवढा करंट ओढतोय, म्हणून बॅटरीचे व्होल्ट थोडे जास्त पडतात. वजाबाकी पुन्हा करा: 10.2 मधून 0.15 आणि प्लसचे 0.3. सेल्फला 9.75 मिळाले, आधी 9.1 होते. सेल्फ आधीपेक्षा चपळ फिरतोय का ते कानाला कळेल.

13.2 चं 14.1 झालं तेच मी विचारत होतो. अल्टरनेटर इंजिनवर बोल्टने बसलेला असतो. त्याचा अर्थही इंजिनमार्फत, म्हणजे याच केबलमधून. अल्टरनेटर 14 च्या वर देत होता, पण त्यातले व्होल्ट या सडक्या केबलमध्येच मुरत होते आणि बॅटरीला पुरेसे पोचत नव्हते. एसी, पंखा, दिवे चालू असले की जास्तच. 13.2 वर बॅटरी पूर्ण भरत नाही. रोज थोडी अर्धपोटी राहते, प्लेटांवर सल्फेट धरतं, आणि वरून आपलं ऊन. तुमच्या आधीच्या बॅटरीने दोन वर्षांच्या आत मान टाकली त्यात या केबलचा वाटा मोठा असणार. आता काही दिवस चालवा, मग सकाळी मोजा. 12.6 आले तर ही बॅटरी वाचली. नाही आले तर बॅटरीवाल्याकडे चार्जरवर रात्रभर लावायला द्या, बदलायला नाही.

एक करा, नवीन केबल ताणून लावलेली नाही ना ते बघा. इंजिन रबरावर हलतं, क्लच सोडताना तर झटकाच खातं. केबलला थोडा झोल पाहिजे, आणि सायलेन्सरच्या पाइपला टेकता कामा नये. वेल्डिंग केबलचं रबर चांगलं असतं, पण एक्झॉस्टची धग त्यालाही नको.

चोपडा रोड

काका, मग सेल्फवर पान्याने टकटक केली की सुरू होते ते काय असतं? आमच्या ट्रॅक्टरला तसंच करतो.

जुना डेपोवाला, धुळे

ते बहुतेक कार्बन, म्हणजे सेल्फच्या कम्युटेटर या फिरत्या भागाला करंट देणारे तुकडे. झिजून आखूड झाले की स्प्रिंग त्यांना कम्युटेटरवर नीट दाबत नाही. ठोकलं की जागेवर सरकतात, थोडे दिवस चालतं. कार्बन आणि बुश बदलून घ्या, पूर्ण सेल्फ नको. चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन खोलून दाखवेल. आणि ठोकायचं तर हलक्या हाताने, हल्लीच्या काही सेल्फमध्ये आत मॅग्नेट चिकटवलेले असतात, हातोडीने ते तडकतात.

सावदेकर

झोल आहे, पाइपपासून लांब आहे. काल दुपारी दीडच्या उन्हात दाणा बाजारात उभी केली, काम उरकून आलो, एका चावीत सुरू. आज सकाळी बॅटरी 12.55.

काका, हिवाळ्यात धुळ्याहून इकडे या. बामणोदच्या वांग्यांचं भरीत, शेतात, काट्यांवर भाजलेलं. हे तोंडदेखलं म्हणत नाही.

शेवटचं विचारतो. वायरिंगवाला म्हणाला होता लगखाली ग्रीस भरून मग बोल्ट आवळा, गंज धरणार नाही. मी कोरडंच आवळलं. पुन्हा खोलू का?

जुना डेपोवाला, धुळे

खोलू नका. लग आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये धातूला धातूच भिडला पाहिजे, तुम्ही केलंत तेच बरोबर. ग्रीस किंवा व्हॅसलीन आवळून झाल्यावर वरून आणि कडेने फासा, पाणी आणि धूळ आत जाऊ नये म्हणून. बॅटरीच्या टर्मिनललाही तसंच. बोल्टखाली दातेरी वॉशर नसेल तर मात्र पुढच्या वेळी टाकून घ्या, आणि पावसाळा संपला की एकदा तो 0.15 पुन्हा मोजा.

भरिताला येतो. कळण्याची भाकरी असेल तर लवकर येतो.